पॅट्सीची बारा गाणी

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो असा: लोकांनी ऐकून ऐकून जिवंत ठेवलेली एखादी रेकॉर्ड. गाणाऱ्यांवर आपण पुष्कळ लिहितो, ऐकणाऱ्यांवर फारसं लिहीत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. मी निवडलेली रेकॉर्ड अमेरिकेतली आहे. 'पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स' हा संग्रह डेक्का कंपनीने १९६७ साली बाजारात आणला. कंट्री संगीताची ही गायिका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. दोन बाजूंना सहा-सहा, अशी एकूण बारा गाणी. एकही गाणं नवं नव्हतं. कंपनीच्या दृष्टीने हे तसं रोजच्या व्यवहारातलं काम होतं: गायिका गेली, गाणी हातात आहेत, त्यातली निवडक एकत्र करा आणि विका.

पुढे जे घडलं ते मात्र रोजच्या व्यवहारातलं नव्हतं. या रेकॉर्डच्या एकट्या अमेरिकेत एक कोटी प्रती गेल्या. जुन्या कंट्री संग्रहांच्या विक्री-यादीत ती ७२२ आठवडे टिकली, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षं. गिनीज बुकने स्त्री कलाकारांमधला उच्चांक म्हणून त्याची नोंद घेतली. ना नवी गाणी, ना गायिका जाहिरातीला हजर. मग ही रेकॉर्ड चालवली कोणी? ऐकणाऱ्यांनीच. त्यांना या बारा गाण्यांत काय सापडलं, ते पाहायला मी व्हर्जिनियात आणि मग नॅशव्हिलला गेले.

केंट स्ट्रीटवरचं घर

अ‍ॅशबर्नला माझी मावसबहीण राहते. तिच्या घरून सात नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला निघालं की लीसबर्ग मागे पडतं, ब्लू रिजचा डोंगर ओलांडला की शेनानडोआ नदी लागते आणि पुढे तासाभराच्या आत विंचेस्टर येतं. हा सफरचंदांचा मुलूख आहे. दर वसंतात इथे सफरचंदाच्या बहराचा मोठा उत्सव भरतो. गावात जुन्या, ऐसपैस घरांचे भाग आहेत आणि कष्टकऱ्यांच्या चिंचोळ्या गल्ल्याही. साउथ केंट स्ट्रीट या दुसऱ्या प्रकारातला. तिथलं ६०८ क्रमांकाचं घर म्हणजे पॅट्सी क्लाइनचं घर.

घर लहान आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ओंडक्यांच्या बांधणीवर पुढे फळ्या ठोकून त्याला आताचं रूप दिलेलं आहे. तिचं खरं नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली, जन्म ८ सप्टेंबर १९३२चा. वडील घर सोडून गेले. आई हिल्डाने शिवणकाम करून तीन मुलं वाढवली. व्हर्जिनिया सगळ्यांत मोठी. तिने शाळा सोडली आणि गॉन्ट्स ड्रग स्टोअरच्या सोडा काउंटरवर नोकरी धरली. आपल्याकडच्या वाचकासाठी सांगायला हवं, की त्या काळी अमेरिकेत औषधांच्या दुकानातच शीतपेयं आणि आइस्क्रीम देणारा गल्ला असे आणि गावातली तरुण मंडळी तिथे जमत. दिवसा ही मुलगी ग्लास भरायची आणि रात्री मिळेल त्या ठिकाणी गायची. त्याआधी पंधराच्या आसपासच्या वयात ती इथल्या 'डब्ल्यूआयएनसी' रेडिओ केंद्रावर स्वतःच जाऊन थडकली होती. मला गायचंय, एवढंच तिचं मागणं होतं.

घरात शिवणयंत्र पाहिलं की तिच्या गाण्याचा एक धागा उलगडतो. तिचे काऊगर्ल पद्धतीचे झालरीवाले कपडे हिल्डा शिवायची. गाणं लेकीचं आणि पोशाख आईचा. जानेवारी १९५७मध्ये आर्थर गॉडफ्री यांच्या टीव्हीवरच्या नवोदित कलाकारांच्या कार्यक्रमात या दोघी गेल्या. कलाकाराला रंगमंचावर आणणारी व्यक्ती घरची असू नये, असा नियम होता. मायलेकींची आडनावं (हेन्सली आणि क्लाइन) वेगळी असल्यामुळे तो अडसर पार झाला. कार्यक्रमवाल्यांनी मात्र आईने शिवलेला पोशाख नाकारला आणि शहरी ढंगाचा झगा घालायला लावला. तिने 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' गायलं आणि टाळ्यांच्या बळावर ती जिंकली. हे गाणं तिला स्वतःला आधी पसंत नव्हतं, हे ऐकून आजही पाहुण्यांना नवल वाटतं.

घर पाहायला आलेल्यांमध्ये एक वयस्क बाई होत्या, ओहायोहून आलेल्या. त्यांच्या आईकडे ही रेकॉर्ड होती. आईच्या मागे भांडीकुंडी, फर्निचर भावंडांनी वाटून घेतलं आणि यांनी रेकॉर्ड मागून घेतली. अशा कहाण्या इथे वारंवार कानावर येतात. ही गाणी बहुतेकांकडे वारशाने आलेली आहेत. कोणाला आईकडून मिळाली, कोणाला ट्रक चालवणाऱ्या काकाकडून, तर कोणाला शेजारच्या घरातल्या रेडिओवरून. २०२१ साली या घराला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. गावातल्या प्रतिष्ठितांनी केंट स्ट्रीटच्या या मुलीला आपली म्हणायला बराच वेळ लावला. बाहेरगावच्या श्रोत्यांनी मात्र तिला कधीच आपलं म्हटलं होतं.

पत्र्याच्या शेडमधला नाद

तिची पहिली वर्षं करारात अडकली. १९५४च्या सुमाराला तिने 'फोर स्टार' कंपनीशी करार केला. तिने गायची ती याच कंपनीच्या हक्कातली गाणी, अशी त्यात अट होती. 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' सोडलं तर फारसं काही चाललं नाही. १९६०मध्ये करार संपला, ती डेक्काकडे आली आणि निर्माता ओवेन ब्रॅडलीला हवी ती गाणी निवडायची मोकळीक मिळाली. संग्रहातल्या बारा गाण्यांचं खरं आयुष्य इथून सुरू होतं. 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'सुद्धा इथे जुन्या रूपात नाही. डेक्कासाठी ते तिने नव्याने गायलं.

ब्रॅडलीचा स्टुडिओ नॅशव्हिलच्या सिक्स्टीन्थ अ‍ॅव्हेन्यू साउथवर होता. एका घराच्या मागे लष्करी पद्धतीची अर्धगोल पत्र्याची शेड उभी केलेली, म्हणून नाव 'क्वॉन्सेट हट'. पुढे याच रस्त्याभोवती रेकॉर्ड कंपन्यांची वस्ती वाढली आणि तिला 'म्युझिक रो' म्हणू लागले. बसायचे तेच ते वादक: बॉब मूर उभ्या बासवर, बडी हार्मन ड्रमवर, फ्लॉइड क्रेमर पियानोवर, ग्रेडी मार्टिन आणि हँक गार्लंड गिटारवर. मागे 'जॉर्डनेअर्स' या चौघांचा कोरस.

कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तीन तासांची बैठक आणि त्यात साधारण चार गाणी पुरी करायची. कागदावर लिहिलेली स्वरलिपी नसे. गाण्याचा नमुना एकदा ऐकायचा आणि कॉर्डना आकडे द्यायचे. ही आकड्यांची रीत 'जॉर्डनेअर्स'मधल्या नील मॅथ्यूजने रुळवली. आपल्याकडे गायकाने पट्टी बदलली तरी सा रे ग म तेच राहतात, तसंच हे. पॅट्सीने वरची पट्टी मागितली तर आकडे तेच, फक्त पहिल्या आकड्याची जागा सरकायची. त्यामुळे गाणं गायिकेच्या गळ्याला बेतता येई आणि त्यात वेळ जात नसे.

आणखी एक बारकावा कान देऊन ऐकण्यासारखा आहे. बॉब मूर उभ्या बासवर जे स्वर धरायचा, तेच ओवेनचा भाऊ हॅरल्ड ब्रॅडली सहा तारांच्या इलेक्ट्रिक बासवर तारा दाबून 'टिक-टिक' वाजवायचा. नॅशव्हिलचे वादक त्याला 'टिक-टॅक' म्हणतात. स्वराला कड येते आणि ठेका स्वच्छ राहतो. रेडिओच्या आणि नाणं टाकून गाणं लावायच्या ज्यूकबॉक्सच्या स्पीकरमधूनही तो ऐकू येतो. जुन्या कंट्री गाण्यांतलं फिडल आणि स्टील गिटार मागे सारून ब्रॅडलीने व्हायोलिनचा ताफा आणि कोरस पुढे आणला. या वळणाला 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. पॅट्सीला ते सहजासहजी पटलं नव्हतं. तिला योडल करायचं होतं, रांगडं गायचं होतं. कोरस आपला आवाज झाकून टाकेल, अशी तिला भीती वाटायची. प्रत्यक्षात उलटंच झालं. सभोवती सगळं गुळगुळीत असल्यामुळे तिच्या आवाजातली खरखर आणि हुंदक्यासारखा तुटणारा स्वर उठून दिसला.

बरगड्या मोडल्या असताना

'आय फॉल टू पीसेस' हे हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्ड यांचं गाणं. पॅट्सीकडे येण्याआधी ते इतरांनी नाकारलेलं. १९६१च्या जानेवारीत ते बाहेर पडलं आणि हळूहळू वर चढत ऑगस्टमध्ये कंट्री यादीत पहिलं आलं. त्या दिवसांत पॅट्सी अपघातातून उठत होती. १४ जून १९६१ला नॅशव्हिलमध्ये समोरासमोर झालेल्या टकरीत ती गाडीच्या काचेतून बाहेर फेकली गेली. कपाळावर खोल जखम, मनगट आणि बरगड्या मोडलेल्या, खुब्याचा सांधा निखळलेला. ती महिनाभर रुग्णालयात होती.

तिथे रेडिओवर तिने एका नवख्या गायिकेला आपलंच गाणं आपल्यासाठी गाताना ऐकलं. ही लोरेटा लिन. केंटकीच्या कोळसा-खाणीच्या भागातून आलेली ही मुलगी शहरात अजून कोणाला माहीत नव्हती. पॅट्सीने तिला भेटायला बोलावून घेतलं. त्यातून जमलेली मैत्री शेवटपर्यंत टिकली. १९७७मध्ये लोरेटाने पॅट्सीच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला.

ऑगस्टमध्ये पॅट्सी कुबड्या घेऊन स्टुडिओत आली ती 'क्रेझी' गायला. हे गाणं लिहिलं विली नेल्सनने. टेक्सासहून आलेला हा गीतकार तेव्हा काम शोधत होता. गाणं आधी दुसऱ्या एका गायकासाठी ठेवलेलं होतं. एका रात्री पॅट्सीचा नवरा चार्ली डिक विलीला थेट घरी घेऊन आला, पण विली संकोचाने गाडीतून उतरेना, असं विली स्वतः सांगतो. विली ताल सोडून मागे रेंगाळत गायचा आणि नमुन्यातल्या त्या गाण्यावर स्वर कुठे ठेवायचा ते पॅट्सीला सुचेना. शिवाय वरचा स्वर लावायला गेलं की बरगड्या दुखायच्या. चार तास झाले तरी गाणं लागलं नाही. ब्रॅडलीने वादकांचं ध्वनिमुद्रण राखून ठेवलं आणि तिला घरी पाठवलं. काही आठवड्यांनी ती परत आली आणि त्या राखलेल्या वादनावर गाऊन गेली.

ऐकताना हे सगळं माहीत असायला हवं असं नाही, पण माहीत असलं की एक गोष्ट लक्षात येते. 'क्रेझी'मध्ये ती स्वरावर धडकत नाही. खालून मींड घेत वर येते, थोडी थांबते आणि शब्द उशिरा सोडते. विलीचं रेंगाळणं तिने टाळलं आणि तरीही सगळ्यांना वाट बघायला लावली. आपल्याच वेडेपणावर रागावलेली, तरीही स्वतःची कीव न करणारी बाई या गाण्यात उभी आहे. पुढे ते अमेरिकेतल्या ज्यूकबॉक्सवर सर्वाधिक वाजणाऱ्या गाण्यांत गणलं गेलं, आणि २००३मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

श्रोत्याची एक रात्र

ऐकणाऱ्यांचं प्रेम किती जवळचं असू शकतं, हे ह्यूस्टनच्या लुईज सीगरने दाखवून दिलं. टीव्हीवर पॅट्सीला ऐकल्यापासून ती स्थानिक रेडिओवाल्याला फोन करून तिचीच गाणी लावायला सांगायची. १९६१मध्ये ह्यूस्टनच्या एस्क्वायर बॉलरूममध्ये पॅट्सीचा कार्यक्रम ठरला, तेव्हा लुईज लवकर जाऊन पुढची जागा धरून बसली. पॅट्सी एकटीच आली. दोघींची ओळख झाली आणि कार्यक्रमानंतर लुईज तिला स्वतःच्या घरी घेऊन गेली. स्वयंपाकघरात दोघींनी बेकन-अंडी खाल्ली आणि रात्र गप्पांत सरली. लुईजला वाटलं, झालं, एवढंच. पण पॅट्सीचं पत्र आलं. पुढे पत्रव्यवहार चालू राहिला तो पॅट्सीच्या मृत्यूपर्यंत. त्यावर टेड स्विंडलीने १९८८मध्ये 'ऑल्वेज... पॅट्सी क्लाइन' हे संगीत नाटक लिहिलं. गायिकेइतकीच तिची श्रोतीही रंगमंचावर आहे, ही या नाटकाची गंमत आहे. अमेरिकेतल्या लहान-मोठ्या नाट्यगृहांत ते सतत होत असतं.

मला लुईजची कहाणी महत्त्वाची वाटते, कारण लाखो लोक घरबसल्या तेच करत आले आहेत. पॅट्सीला स्वयंपाकघरात आणून बसवणं.

संग्रहाला कमी का लेखावं?

संगीताचे जाणकार 'निवडक गाणी' प्रकाराकडे जरा वरून पाहतात. कलाकाराने जसा बांधला तसा मूळ अल्बम ऐकावा, असं त्यांचं सांगणं असतं. पॅट्सीच्या बाबतीत हा मुद्दा लागू होत नाही. तिच्या हयातीत तिचे फक्त तीन अल्बम आले: १९५७, १९६१ आणि १९६२ साली. तिचा जमाना सिंगलचा होता. छोट्या तबकडीच्या प्रत्येक बाजूला एक गाणं. लोकांनी ती गाणी सुटी सुटी ऐकली होती, कुठल्याशा उपाहारगृहात नाणं टाकून, नाहीतर रात्रीच्या प्रवासात रेडिओवर. १९६७च्या संग्रहाने ती एकाच रेकॉर्डवर गुंफली.

गुंफल्यावर त्यांच्यातलं नातं दिसतं. 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'मधली बाई रात्री रस्त्यावर हरवलेल्या माणसाला शोधत फिरते. 'शीज गॉट यू'मधल्या बाईकडे त्याच्या आठवणीच्या वस्तू शिल्लक आहेत आणि तो मात्र दुसरीकडे आहे. 'स्ट्रेंज', 'सो राँग', 'व्हाय कान्ट ही बी यू' या सगळ्यांत तीच बाई वेगवेगळ्या वळणांवर उभी दिसते. 'बॅक इन बेबीज आर्म्स'मध्ये तिला क्षणभर सुख मिळतं. डॉन गिब्सनचं 'स्वीट ड्रीम्स' आणि बॉब विल्सच्या परंपरेतलं 'फेडेड लव्ह' तिच्या शेवटच्या काळातलं, म्हणजे १९६३च्या फेब्रुवारीतलं. रेकॉर्ड घरी नेणाऱ्याला बारा गाण्यांत एका बाईचं पुरं आयुष्य मिळालं.

विक्रीची एक बाजूही समजून घ्यायला हवी. १९९१पर्यंत अमेरिकेतल्या विक्री-याद्या दुकानदारांच्या सांगण्यावर बनत. त्या वर्षी बारकोड वाचून खऱ्या विक्रीची मोजणी सुरू झाली आणि कंट्री संगीत किती खपतं हे उघड झालं. जुन्या रेकॉर्डसाठी वेगळी यादीही निघाली. तोवर दुकानात गपचूप विकत घेतल्या जाणाऱ्या या संग्रहाला यादीत जागा मिळाली. १९८५च्या 'स्वीट ड्रीम्स' या चित्रपटाने आधीच नवे श्रोते आणले होते. जेसिका लँगने भूमिका केली, गाणं मात्र पॅट्सीच्याच आवाजात होतं. कॅनडाची गायिका के. डी. लँग हिने तर ओवेन ब्रॅडलीला निवृत्तीतून परत बोलावून १९८८मध्ये 'शॅडोलँड' हा अल्बम करून घेतला.

सहा वाजताची घंटा

५ मार्च १९६३ला कॅन्ससमधल्या एका मदतीच्या कार्यक्रमातून परतताना पॅट्सीचं छोटं विमान टेनेसीतल्या कॅमडेनजवळ कोसळलं. सोबत काऊबॉय कोपस आणि हॉकशॉ हॉकिन्स हे गायक आणि विमान चालवणारा तिचा व्यवस्थापक रँडी ह्यूज होते. चौघेही गेले. ती तीस वर्षांची होती. कार्यक्रम अपघातात गेलेल्या एका रेडिओ निवेदकाच्या कुटुंबासाठी होता.

विंचेस्टरच्या दक्षिणेला शेनानडोआ मेमोरियल पार्कमध्ये तिची कबर आहे. तिकडे जाणाऱ्या ५२२ नंबरच्या रस्त्याच्या काही भागाला तिचं नाव दिलं आहे. जमिनीलगतच्या कांस्यपट्टीवर लग्नानंतरचं डिक हे आडनाव कोरलेलं आहे. भेट देणारे तिथे एक-एक सेंटची नाणी ठेवून जातात. लोरेटा लिन आणि डॉटी वेस्ट या गायिकांच्या मदतीने उभारलेल्या मनोऱ्यावरून रोज संध्याकाळी सहाला, तिच्या मृत्यूच्या वेळी, भजनांच्या चाली वाजतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला, तिच्या वाढदिवसाच्या आसपास, देशभरातून चाहते गावात जमतात.

ऐकायचं कसं

नॅशव्हिलला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिची कांस्यपट्टिका आहे. १९७३मध्ये हा मान मिळालेली ती पहिली एकल गायिका होती. तिच्या नावाचं संग्रहालयही २०१७पासून शहरात आहे. तिथे मी पाहुण्यांकडे बघत होते. गाणं लागलं की लोक पुढे सरकायचे थांबतात. ओठ हलायला लागतात. वय, रंग, पेहराव यांवरून कोण थांबेल हे सांगता येत नव्हतं.

कंट्री संगीत आपल्यातल्या बऱ्याच जणांनी फक्त सिनेमातल्या टोप्या आणि बुटांपुरतं पाहिलं आहे. त्यांना मी सांगेन, या रेकॉर्डपासून सुरुवात करा आणि गाण्यांचा क्रम बदलू नका. इंग्रजी कमी कळत असलं तरी चालेल. पहिल्यांदा फक्त आवाज ऐका. दुसऱ्यांदा मागची 'टिक-टिक' धरा. तिसऱ्यांदा ती श्वास कुठे घेते ते बघा. मग लक्षात येईल की ही बाई दुःख मांडते, पण ते आपल्या अंगावर टाकत नाही. ती ऐकणाऱ्याला जागा देते. आपलं दुःख आणून तिथे ठेवता येतं, आणि ठेवल्यावर थोडं हलकं वाटतं.

एक कोटी प्रतींमागचं कारण मला इथे सापडलं. कंपनीने बारा गाणी निवडली, हे खरं. पण निवड योग्य होती की नाही, हे ठरवायचं काम श्रोत्यांनी केलं. ओहायोच्या त्या बाईंनी ते केलं, लुईजने केलं, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकणाऱ्या अनोळखी माणसांनी केलं. तबकडी झिजली तर दुसरी आणली, मग कॅसेट, मग सीडी, आता फोन. प्रत्येक वेळी त्यांनी तीच निवड पुन्हा केली. कलाकाराचा मोठेपणा लिहिताना टीकाकारांनी हा कौल मोजायलाच हवा, कारण तो जवळजवळ साठ वर्षं रोज दिला जातो आहे आणि तो देणाऱ्यांना त्यातून गाण्यापलीकडे काहीही मिळवायचं नाही.